धाकल्याची कुंडी

९ फेब्रुवारी

टाकीवाला म्हणाला, रोजचं रोज लिहून ठेवत जा, म्हणजे काही बिघडलं तर कधीपासून बिघडलं ते कळतं. (मासेवाला म्हटलं की लोकांना खायचे मासे आठवतात, म्हणून मी त्याला टाकीवाला म्हणते.) लिहायची मला सवय आहेच. बससेवेच्या वेळापत्रक विभागात एकतीस वर्षं मी दुसरं काय करते आहे? रद्द झालेल्या जुन्या फॉर्मांचा एक गठ्ठा घरी पडून आहे. एका बाजूला 'आगमन', 'प्रस्थान', 'शेरा' असे रकाने छापलेत, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर लिहीन.

टाकी माझी नाही, ताईची. हॉलच्या भिंतीला लागून, चार फूट लांब, खाऱ्या पाण्याची. सहा वर्षांपूर्वी तिने त्यात क्लाउनफिशची जोडी आणली. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे. मोठी ती थोरली, लहान तो धाकला, ही नावंही ताईनेच ठेवलेली. दगडही तिनेच एकेक करून रचले आणि डाव्या कोपऱ्यात मातीची एक लहान कुंडी आडवी ठेवली. ते त्यांचं घर. ताई गेली त्याला तेरा महिने झाले. तिच्या मागोमाग तीन महिन्यांनी थोरलीही गेली. तेव्हापासून धाकला एकटा आहे.

हा स्वभावाने गरीब. थोरली समोर आली की एका कुशीवर कलायचा आणि अंगभर थरथरायचा. ही त्यांची मान तुकवायची पद्धत. ताई हसायची, म्हणायची, "बघ धाकटे, अगदी तुझंच ध्यान." छप्पन्न वर्षांची झाले तरी घरात मी धाकटीच.

अशा जिवाला डोक्यावर कोणीतरी लागतं. म्हणून आज थोरलीच्या मापाची एक मोठी निवडून ठेवली. टाकीवाल्याने विचारलं, "तुमचा किती दिवस एकटा आहे?" मी म्हटलं, "फार नाही, थोडे दिवस."

माझंही धाकल्यासारखंच. ताईनंतर घर अंगावर पडलं आणि मला निर्णय घ्यायची सवय नाही. त्यामुळे दादाचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. दादा म्हणजे आमचा मधला भाऊ, लांब राहतो. त्याच्या मुलीला इथे नोकरी लागली आहे, कानाची यंत्रं बसवायच्या दुकानात. सतरा तारखेला माझ्याकडे राहायला येते. शिकलेली मुलगी आहे, चार गोष्टी मला सांगेल.

११ फेब्रुवारी

मोठीला काल दुपारी पाण्यात सोडलं. पिशवी तासभर तरंगत ठेवली, मग थोडं थोडं पाणी आत घेतलं, सगळं सांगितल्याप्रमाणे.

धाकला कलला नाही. थरथरलाही नाही. कुंडीतून बाहेर आला, तिच्यासमोर थांबला आणि सरळ तिच्या तोंडाला भिडला. दोघांनी एकमेकांचे ओठ धरले आणि गोल फिरत तळापर्यंत गेले. मला वाटलं, ओळख करून घेतात.

१२ फेब्रुवारी

मोठीच्या शेपटीचा वरचा भाग फाटला आहे. ती पंपामागच्या कोपऱ्यात उभ्या उभ्या श्वास घेते. धाकला दर दोन-तीन मिनिटांनी तिथे जाऊन येतो, गस्त घातल्यासारखा. नीट दिसावं म्हणून मी वरची जाळी काढून ठेवली.

१४ फेब्रुवारी

सकाळी मोठी टाकीत नव्हती. स्टँडच्या मागे जमिनीवर सापडली, वाळलेली. उडी मारली असणार. जाळी मी काढली होती. हे लिहून ठेवते, कारण लिहायचं तर सगळं लिहायचं.

संध्याकाळी टाकीवाला आला. गुडघ्यावर बसून त्याने धाकल्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मॅडम, खरं सांगा, हा किती दिवस एकटा होता?"

"दहा महिने."

"थोडे दिवस म्हणाला होतात."

मला ते थोडेच वाटले होते. असं मी त्याला म्हटलं नाही.

मग त्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. हे मासे सगळे नर म्हणूनच जन्मतात. त्यातला जो सगळ्यांत मोठा, सगळ्यांना दाबून ठेवणारा, तो मादी होतो. बाकीचे तिच्यापुढे मान तुकवतात. मादी मेली की तिच्याखालचा तिची जागा घेतो. वाढतो, अंगाने आणि स्वभावाने बदलतो, आणि पुन्हा मागे जात नाही.

"म्हणजे तुमचा धाकला आता थोरली झालाय. तुम्ही एका म्यानात दोन तलवारी घातल्यात."

मी म्हटलं, तो असा नाही हो. सहा वर्षं मी त्याला बघते आहे, त्याने कधी ब्र काढला नाही. दहा महिन्यांत कोणी एवढं बदलत नाही. टाकीवाला हसला आणि म्हणाला, "त्याला स्वतःलाही कळलं नसेल." पुढच्या वेळी अगदी बोटाच्या पेराएवढा लहान आणायचा आणि काही दिवस पेटीत ठेवायचा, असं ठरलं.

१७ फेब्रुवारी

भाची आली. सहा दहाला पोचणार होती, सहा चाळीसला पोचली. मी काही बोलले नाही, फक्त तीस मिनिटं म्हणजे दोन बस आणि वर सहा मिनिटं होतात, एवढंच सांगितलं.

दोन बॅगा आणि एक उशी. स्वतःची उशी कशाला आणली कोण जाणे, घरात उशा आहेत. तिची सोय हॉलमध्ये केली, टाकीशेजारी, घडीच्या पलंगावर. मागची लहान खोली माझी आणि पुढची, खिडकीची, ताईची. ती बंद आहे. तिथे सामान आहे. भिंतीतल्या कपाटाचा खालचा एक कप्पा मी तिला रिकामा करून दिला.

जेवायला ती खिडकीकडच्या खुर्चीत बसली. ती ताईची खुर्ची. आता मी बसते, कारण तिथून टाकी दिसते. मी काही बोलले नाही. उन्हाचा त्रास होईल असं म्हटलं. ती उठली. बाहेर अंधार पडला होता, पण ती उठली. पोर शहाणी आहे.

१८ फेब्रुवारी

तिला बस समजावून दिली. तिचं दुकान सहाला बंद होतं. समोरच्या थांब्यावर सहा चारची बस आहे, मग दर बारा मिनिटांनी. सहा चारची पकडली की चालणं धरून सहा चोवीसला घराचं दार. हा मार्ग मी स्वतः आखलाय, त्यात इकडचं तिकडे होत नाही. ती म्हणाली, "हो आत्या." आणि आली सहा चोवीसला. समाधान वाटलं.

२१ फेब्रुवारी

तीन दिवसांतल्या बारीकसारीक गोष्टी. निळ्या काठाचा कप ताईचा असतो, तो घ्यायचा नाही. ओला टॉवेल दाराला टाकायचा नाही. साखरेचा डबा डावीकडे, मिठाचा उजवीकडे, टाकीचं मीठ वेगळ्या डब्यात आणि त्याला हात लावायचा नाही. दिवा बंद करताना बटण अर्धवट दाबून सोडायचं नाही, पूर्ण दाबायचं. मी चिडून एकही गोष्ट सांगितली नाही. ती प्रत्येक वेळी "हो आत्या" म्हणते आणि मान थोडी बाजूला कलवते. ही लकब तिला कुठून लागली? आमच्या घराण्यात कोणाची नाही.

आजचं आगमन सहा छत्तीस.

२४ फेब्रुवारी

नवा आला. खरोखरच बोटाच्या पेराएवढा, डोळेच काय ते मोठे. भाचीने त्याला बघितलं आणि म्हणाली, "अरे, हा तर बटणाएवढा." नाव पडलं बटण.

टाकीच्या आत भोकं पाडलेली पारदर्शक पेटी टांगली आहे, बटण त्यात आहे. धाकला पेटीला डोकं मारतो. आज सकाळी मोजलं, दहा मिनिटांत चाळीस वेळा. पेटी हलते, बटण आत आपटतो. टाकीवाला म्हणतो, मारू द्या, निदान दोन आठवडे. धाकला दमला आणि बटण त्याच्यासमोर थरथरायला शिकला की मग सोडायचं.

"आणि नाहीच शिकला तर?"

"शिकतो. मार खायचा नसेल तर सगळे शिकतात."

भाचीला उद्देशून नव्हतं, पण ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिचा चहा राहिला तसाच.

२ मार्च

आज भाचीच्या दुकानात जाऊन माझे कान तपासले. तिनेच बोलावलं होतं. काचेची बंद खोली, कानावर जाड गाद्यांचं यंत्र आणि हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. पाण्याच्या थेंबासारखे आवाज, एकेक अगदी लांबून येणारा. मी सगळे पकडले. पांढऱ्या कोटात ती वेगळीच दिसते, खांदे सरळ, हुकूमत असलेली. एका म्हाताऱ्या गृहस्थांना तिने जोरात सांगितलं, "आजोबा, तुम्ही माझ्याकडे बघून बोला," आणि ते मुकाट्याने वळले. घरी हा आवाज मी कधी ऐकला नाही.

कागद बघून ती म्हणाली, "आत्या, तुझे कान उत्तम आहेत. विशीतल्या मुलीसारखे."

मी म्हटलं, "मग? काय वाटलं होतं तुला?"

"मला वाटलं होतं, थोडं कमी ऐकू येत असेल."

"का बरं?"

"असंच. पंपाच्या आवाजाने झोप लागत नाही हे मी तीन वेळा सांगितलं होतं."

ते मला ऐकू आलं होतं. होईल सवय, असं मी तीनही वेळा म्हटलं होतं. आज चौथ्यांदा म्हटलं. तिने कागदाची घडी घालून मला दिली. कान चांगले निघाले म्हणून तिचा चेहरा का उतरावा, हे मला समजलं नाही.

६ मार्च

टाकीवाल्याची नवी युक्ती, आरसा. काचेला बाहेरून रोज पंधरा मिनिटं आरसा लावायचा. धाकल्याला आतून दुसरा मोठा मासा दिसतो, सगळा राग तिथे निघतो आणि बटणाला जरा उसंत मिळते. आरसा भाचीने धरला, कारण मला घड्याळ बघायचं होतं.

धाकला तुटून पडला. भाची म्हणाली, "थकत कशी नाही ही?" ती आणि टाकीवाला दोघेही धाकल्याला 'ही' म्हणतात. मी म्हणत नाही.

"हात खाली आला तुझा," मी म्हटलं, "सरळ धर."

"तिला कळतच नाही ना आत्या, की समोर तीच आहे."

माशांना एवढी अक्कल नसते. सहाव्या मिनिटाला हात परत खाली आला, ते मी तिच्या लक्षात आणून दिलं.

१० मार्च

बटणाला सोडलं. तो लगेच कलला आणि थरथरला, अगदी पुस्तकात लिहावं तसा. तरी धाकल्याने त्याला चावे घेतले. बटण जीव मुठीत धरून पंपामागे गेला, मोठी उभी राहायची त्याच कोपऱ्यात. तिथून खायलाही बाहेर येत नाही. संध्याकाळी उजवा पर अर्धा नव्हता. जाळीने धरून पुन्हा पेटीत ठेवला.

हे मला आवडलं नाही. मान तुकवणाऱ्याला कशाला मारायचं? आपण पाच वर्षं तेच केलं, हे तरी आठवावं.

आगमन सात वाजता.

१३ मार्च

टाकीवाला म्हणतो, आता एकच उपाय उरलाय. सगळे दगड हलवायचे. कुंडी त्या जागेवरून उचलायची. धाकला बटणाचा द्वेष करत नाही, तो जागा राखतो. हा दगड माझा, ही वाट माझी, हा कोपरा माझा. टाकीचा नकाशाच बदलला की त्याला आपलं काय ते कळेनासं होतं. मग दोघंही नवीन.

मी म्हटलं, बटणापुरता एक कोपरा करून देऊ, उजवीकडे. बाकी राहू दे. ते दगड ताईने लावलेत.

"मॅडम, लहानाला कोपरा देऊन भागत नाही. मोठीची जागा हलली पाहिजे."

बघू म्हटलं. असे कसे हलवायचे? ताईने एकेक दगड ब्रशने घासून ठेवला होता. तेव्हा मी फक्त बादली धरली होती, आणि ती सुद्धा तिच्या मते तिरकी.

१८ मार्च

भाचीची आगमनं लिहून ठेवली आहेत ती अशी: सहा अठ्ठेचाळीस, सात, सात बारा, सात बारा, सात चोवीस. सगळी बाराच्या पटीत, म्हणजे बस वेळेवर आहेत. दुकानात काम वाढलं असावं. आली की हातपाय धुऊन स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहूनच जेवते. बस म्हटलं तर म्हणते, "झालंच आत्या." बाहेरच्या टेबलाशी तिला काय वावडं आहे कोण जाणे.

काल सकाळी तिने खिडकी उघडण्याआधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मग उघडली.

२० मार्च

हे लिहावं की नाही याचा विचार करत होते.

आज पेटीचा हुक तुटला म्हणून ऑफिसातून टाकीवाल्याकडे गेले. त्याचं दुकान भाचीच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर. परत येताना पाच अठ्ठावन्न झाले होते. म्हटलं, तिला बरोबर घेऊ. सहाला त्यांचं शटर खाली आलं. म्हणजे काम वाढलेलं नाही. ती बाहेर आली, रस्ता ओलांडून थांब्यावरच्या बाकावर बसली. मी अलीकडच्या बाजूला होते. हाक मारणार, तेवढ्यात सहा चारची आली. ती उठली नाही.

गर्दी होती असंही नाही, मागे जागा दिसत होती. सहा सोळाची आली, ती गेली. सहा अठ्ठावीसची गेली. ती नुसती बसली होती. हातात फोन नाही, पुस्तक नाही, कोणाची वाट बघणाऱ्याची मान जशी सारखी वळते तशीही वळत नव्हती. मांडीवर पिशवी आणि त्यावर दोन्ही हात. पुढचा सगळा वेळ मी विजेच्या खांबामागे उभी होते. का, ते सांगता येत नाही.

सहा चाळीसच्या बसमध्ये ती चढली. मी पुढचीने आले. घरी येऊन विचारलं, "आज काम होतं वाटतं?"

"हो आत्या," ती म्हणाली.

छत्तीस मिनिटं. पावणेदोनशे बसचं वेळापत्रक मी बनवते, पण रिकाम्या बसला हात न दाखवणाऱ्या प्रवाशासाठी त्यात रकाना नाही.

२३ मार्च

दादाचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "तिने दुसरीकडे खोली बघितली आहे. बरोबरच्या मुलीबरोबर. पहिल्या तारखेला जाते म्हणते. तुला सांगायला तिला भीती वाटते म्हणून मी सांगतोय."

मी म्हटलं, भीती? माझी?

"धाकटे, राग मानू नकोस. तू हल्ली ताईसारखी बोलतेस."

माझा तोल गेला. मी म्हटलं, मी? या घरात एकतीस वर्षं मी हूं की चूं केलं नाही. पडदे कोणते, भाजी कोणती, मी कोणती साडी नेसायची, सगळं ताईने ठरवलं. मला एक बदलीची संधी आली होती, चांगली, ती पण तिने नको म्हटलं म्हणून नको. आणि मला म्हणतोस ताईसारखी?

दादा म्हणाला, "हेच ऐक ना. असा आवाज तुझा कधी होता?"

माझे कान उत्तम आहेत. मी ऐकलं.

फोन ठेवून टाकीसमोर बसले. धाकला पेटीला डोकं मारत होता. पाच वर्षं जो एका कुशीवर कलून थरथरला तोच हा, आणि बटणाला चावताना त्याला त्यातलं काहीएक आठवत नाही. की आठवतं, म्हणूनच चावतो? मला खूप वाईट वाटलं. कोणासाठी ते नक्की सांगता येणार नाही.

२४ मार्च

भाचीला विचारलं. ती पलंगाची घडी घालत होती. म्हणाली, "बाबांनी सांगितलं का? मीच सांगणार होते."

"इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही." मग बराच वेळ पांघरुणाची टोकं जुळवत राहिली. "आत्या, मी कप उचलायच्या आधी तुझ्याकडे बघते. दार लावायच्या आधी बघते. कालपरवा दुकानात पेशंटचं यंत्र उचलताना मी मागे वळून बघितलं, कोणाची हरकत नाही ना म्हणून. मागे भिंत होती."

ती रडली नाही. शांतपणे सांगितलं, तपासणीचा निकाल सांगतात तसं.

मी काही बोलले नाही. या वेळी खरंच काही बोलले नाही. कारण ऑफिसात पहिल्या वर्षी मीही असंच मागे बघायची, आणि मागे कपाट होतं. समोरच्या टेबलावरची विचारायची, काय हरवलं का गं? मी कधी कोणाला सांगितलं नाही, मग हिला तरी कसं ठाऊक असणार?

थांब, असं म्हणायला हवं होतं. तोंडातून आलं ते, "पहिली तारीख सोमवारी येते." ती म्हणाली, "हो आत्या."

२८ मार्च

सुट्टी. सकाळी बादल्या काढल्या. दोन बादल्यांत टाकीचंच पाणी, एकीत धाकला, एकीत बटण. भाची केस पुसत बाहेर आली आणि बघत राहिली.

मी एकेक दगड बाहेर काढला. खाली ताईच्या वेळची वाळू, दगडांचे ठसे उमटलेली. शेवटी कुंडी काढली. टाकी एकदम रिकामी आणि खूप मोठी दिसायला लागली. हात कोपरापर्यंत खारट झाले होते.

"आता कसे लावायचे?" भाचीने विचारलं.

"तू लाव."

"मी? कसे?"

"तुला वाटेल तसे. मी बादली धरते."

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मी बादलीकडे पाहिलं. मग तिने एक दगड उचलला. पहिला अगदी भीत भीत, तिसऱ्यापर्यंत बाह्या वर गेल्या होत्या. सपाट दगड तिने उभा केला, ताईने कधी केला नसता. दोनदा माझ्या तोंडाशी शब्द आले, ते मी गिळले. एकदा ती म्हणाली, "आत्या, बादली सरळ धर, पाणी सांडतंय." मी सरळ धरली.

कुंडी तिने उजवीकडे ठेवली आणि डाव्या कोपऱ्यात एक दुसरी, गच्चीवरची रिकामी कुंडी धुऊन आडवी केली. आधी बटणाला सोडलं. मग अर्ध्या तासाने धाकल्याला.

धाकला जुन्या जागी गेला. तिथे परकी कुंडी. मागे फिरला, पंपाच्या कोपऱ्यात गेला, तिथे उभा दगड. मग मधोमध येऊन थांबला, आणि कितीतरी वेळ तसाच थांबला. एवढी मोठी झाली तरी कुठे जायचं ते तिला कळत नव्हतं. बटण जवळून गेला, थरथरला. ती त्याच्याकडे बघायच्याही मनःस्थितीत नव्हती.

मला टाकीवाल्याचं ते मोठीच्या जागेबद्दलचं बोलणं आठवत होतं. हात पुसले, किल्ली घेतली आणि ताईची खोली उघडली. चौदा महिन्यांची कोंडलेली हवा, कपाटातल्या साबणाच्या वड्यांचा वास. खुंटीवर तिचा चष्मा. मी तो तिथे टांगलेला विसरले होते. मला हुंदका आला. भाची दारातच उभी होती, आत आली नाही. मी म्हटलं, "ये. खिडकी उघड." तिने माझ्याकडे न बघता उघडली.

दुपारभर आम्ही सामान हलवलं. पलंग तिच्यासाठी खिडकीशी. ताईचे कपडे दोन पेट्यांत. बाहेरचं टेबल तिने भिंतीपासून ओढून आडवं केलं, आता खिडकीकडची खुर्ची कोणती हे सांगता येत नाही. स्वयंपाकघरही तूच लाव, असं मी म्हटलं आणि बाहेर जाऊन बसले, कारण ते मला बघवणार नव्हतं. आतून डब्यांचे आवाज येत होते. सगळे ऐकू आले.

सोमवारचं तिने काही म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

३० मार्च

काल सकाळी चहा करायला गेले. डावीकडचा डबा उघडला, त्यात डाळ. उजवीकडचा उघडला, त्यात काहीतरी तिसरंच. निळ्या काठाचा कप इतर कपांमध्ये उपडा. माझ्याच स्वयंपाकघरात मी मधोमध उभी. शेवटी तिच्या दाराशी जाऊन विचारलं, "अगं, साखर कुठे ठेवलीस?"

ती झोपेत म्हणाली, "वरच्या फळीवर आत्या, मागे." आणि कुशीवर वळली. पुढच्या खोलीत पंपाचा आवाज पोचत नाही.

धाकलीने उजवीकडची कुंडी धरली आहे. हो, धाकली. तो म्हणायचं आता मलाच जड जातं. बटण आधी वीतभर अंतर ठेवून होता, काल संध्याकाळी चार बोटांवर आला. कलतो, थरथरतो. ती बघते आणि तोंड फिरवते. आज सकाळी एकदा हलकेच ढोसलं, पण चावली नाही. टाकीवाल्याला कळवलं. तो म्हणाला, "घाई करू नका, स्वभाव आहे, अधूनमधून उसळणारच. फक्त बघत राहा."

बघते आहे. काल ओला टॉवेल दाराला होता, तेव्हा मी उसळले. अर्धं वाक्य बोलून झालं होतं. उरलेलं अर्धं गिळलं. भाची म्हणाली, "पूर्ण बोल आत्या, मग मी पण बोलते." मग ती बोलली, टॉवेलाबद्दल आणि इतर बऱ्याच गोष्टींबद्दल. सरळ खांद्यांनी.

१ एप्रिल, सोमवार

आज कागदाची छापील बाजू वापरते.

तिच्या दोन्ही बॅगा सकाळी कपाटावर होत्या. रिकाम्या की भरलेल्या, ते खालून कळत नव्हतं आणि मी स्टूल घेऊन बघितलं नाही. ऑफिसात दिवसभर एकही आकडा जुळला नाही. पावणेसहाला घरी आले, टाकीसमोर बसले. बटण धाकलीच्या कुंडीच्या तोंडाशी होता. मी घड्याळाकडे पाठ करून बसले होते, म्हणून किल्लीचा आवाज आला तेव्हा वळून बघावं लागलं.

आगमन: ६.२४

प्रस्थान:

शेरा: पहिलीच बस. रस्ता मोकळा असावा.